न वाकलेले हात

क्रूसावरून मृतदेह खाली उतरवणं हे मुळात अंगमेहनतीचं काम आहे. येशूला क्रूसावरून उतरवण्याच्या चित्रांतल्या रडणाऱ्या बायका, काळवंडलेलं आभाळ आणि देवदूत क्षणभर बाजूला ठेवले, तर उरतात शिड्या, पक्कड, एक लांब कापड आणि साठ-सत्तर किलोंचं निर्जीव ओझं. खिळे कुठल्या क्रमाने काढायचे, हा पहिला प्रश्न. आधी पाय मोकळे केले तर सगळं वजन दोन हातांवर येतं आणि जखमा फाटत जातात. आधी हात सोडवले तर धड पुढे कोसळतं. म्हणून खिळ्याला हात लावण्यापूर्वीच काखेखालून कापड घालून त्याची टोकं वरच्या माणसाकडे द्यावी लागतात, आणि खाली कुणीतरी मांड्यांना कवळ घालून उभं राहावं लागतं.

शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांत, यातलं काहीच नाही. अरिमथाईकर योसेफाने रोमी सुभेदार पिलाताकडे देह मागितला, निकदेमाने गंधरस आणि अगरूचं शंभर लित्रा मिश्रण, म्हणजे आजच्या मापाने तेहेतीसेक किलो, आणलं, देह तागाच्या वस्त्रात गुंडाळला. बस. शिडीचा उल्लेख चारही वृत्तांतांत नाही. ती चित्रकार-मूर्तिकारांनी आणली, कारण त्यांना देह खरोखर खाली आणून दाखवायचा होता. आणि मेलेल्या शरीराचं वजन चित्रात कसं दिसतं? ते ज्या जिवंत शरीरांवर पडतं, त्यांच्या ताणातून.

रोजियर व्हान डर वायडेनने 1435च्या सुमारास ल्यूव्हनच्या धनुर्धारी संघासाठी केलेलं चित्र आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्यात येशूचा देह एका सैलावलेल्या वळणात आहे, हात खाली लोंबतोय, आणि भोवळ येऊन पडणाऱ्या मरीयेचं अंग नेमकं तेच वळण घेतं. रूबेन्सने 1612 ते 1614 या काळात अँटवर्पच्या कॅथीड्रलसाठी जे केलं, त्यात पांढऱ्या कापडाच्या उतरणीवरून देह घसरत येतो. सगळ्यात वरच्या कामकऱ्याचे हात गुंतलेत, म्हणून त्याने कापडाची कड दातांत धरली आहे. चित्रात आठ-नऊ माणसं आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला वजनाचा थोडाथोडा भाग आला आहे. दोन्हीकडे गृहीत एकच: मेलेलं शरीर सैल असतं, ते ज्याच्या हाती येतं त्याच्याप्रमाणे वळतं. दुःखाला आकार देण्याच्या दृष्टीने हे फार सोयीचं आहे. देह झुकतो, त्यामुळे आई त्याला मांडीवर घेऊ शकते.

जर्मन चित्रकार माक्स बेकमनच्या 1917 सालच्या याच विषयावरच्या चित्रात हे गृहीतच नाही.

न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये असलेलं हे तैलचित्र 151.2 सेंटिमीटर उंच आणि 128.9 सेंटिमीटर रुंद आहे. रूबेन्सच्या चार मीटरहून उंच फळीपुढे लहानच. पण या मापाचा कर्ण जवळजवळ दोन मीटर भरतो, आणि बेकमनने येशूचा देह तिरपा टाकून ती सगळी लांबी वापरली आहे. त्यामुळे चौकटीत मावणार नाही इतका तो मोठा वाटतो. शिडी आहे, देह पेलणारे दोन पुरुष आहेत, खाली कोपऱ्यात गुडघे टेकलेल्या दोन स्त्रिया आहेत. सगळे त्या देहापुढे आखूड, कोंबल्यासारखे. अंगाचा रंग खडूसारखा पांढुरका, त्यावर करड्या-हिरवट छटा, हातापायांवर खिळ्यांच्या जखमा आणि काळेनिळे वळ. आणि हात? हात पसरलेलेच आहेत. क्रूस मागे राहिला, खिळे निघाले, तरी दोन्ही बाहू जसे ठोकले होते तसेच ताठ. या देहाला मांडीवर घेता येणार नाही. दारातूनही तो सरळ जाणार नाही.

हे चित्र पाहणारे बहुतेक जण आधी रंगाबद्दल आणि कुरूपतेबद्दल बोलतात. माझ्या मते सगळं चित्र खांद्याच्या सांध्यावर उभं आहे.

मेल्यावर शरीर ताठतं ते स्नायू आखडून नव्हे, तर ते सुटू शकत नाहीत म्हणून. आकुंचन पावलेला स्नायुतंतू मोकळा व्हायलाही ऊर्जा लागते. ती पुरवणारं एटीपी नावाचं रसायन पेशींत संपलं की तंतू एकमेकांत अडकून राहतात. मृत्यूनंतर पहिला तासभर, कधी जास्त, शरीर पूर्ण सैल असतं. दोन-चार तासांत जबडा आणि मान ताठू लागते, मग हात, मग पाय. बारा तासांच्या आसपास सगळं शरीर लाकडासारखं होतं, तेवढाच वेळ तसंच राहतं आणि पुढे कुजण्याची क्रिया सुरू झाली की पुन्हा सैल पडतं. न्यायवैद्यकात शिकवला जाणारा हा ढोबळ हिशेब उन्हाळ्यात आटपतो, थंडीत लांबतो. मरणापूर्वी माणसाने अतोनात श्रम केले असतील तर ताठरता लवकर येते, कारण स्नायूंतला साठा आधीच संपलेला असतो. ज्या अवस्थेत शरीर होतं त्याच अवस्थेत ते गोठतं. हात खाली करायचा तर जोर लावून सांधा मोडल्यासारखा वाकवावा लागतो, आणि एकदा तशी मोडलेली ताठरता परत येत नाही.

आता शुभवर्तमानाचं घड्याळ लावून पाहू. मार्काच्या शुभवर्तमानाप्रमाणे येशूने नवव्या तासाला, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास, प्राण सोडला आणि संध्याकाळी देह खाली आला. मधे तीनेक तास. एवढ्या वेळात जुन्या चित्रांतला सैल देह शक्य आहे. पण हातांवर लटकून, श्वासासाठी झगडत मेलेल्या माणसाच्या बाबतीत बेकमनचे ताठ बाहूही अशक्य नाहीत. वैद्यकाच्या हिशेबाने दोन्ही चालतात. बेकमनने सहाशे वर्षांची सवय सोडून दुसरा पर्याय का निवडला असावा, याचं उत्तर त्याच्या आधीच्या तीन वर्षांत शोधावं लागतं.

पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर, 1914च्या शरदात, तो आपणहून पूर्व प्रशियाच्या आघाडीवर शुश्रूषक म्हणून गेला. वय तिशीचं, बर्लिनमध्ये नाव झालेलं, मोठमोठ्या कॅनव्हासवर जाड रंगांत आपत्तींची चित्रं काढणारा माणूस. पहिल्या काही महिन्यांतच मेहुणा मारला गेला. 1915च्या सुरुवातीला तो फ्लँडर्समध्ये होता, सैनिकी इस्पितळांत, शस्त्रक्रियेच्या खोल्यांत. वेळ मिळेल तेव्हा जखमींचे, मृतांचे रेखाटन करत असे आणि बायकोला, मिन्ना ट्यूबला, पत्रं लिहीत असे. ती पत्रं तिने 1916 मध्येच छापली. सुरुवातीच्या पत्रांत चित्रकाराची अधाशी उत्सुकता आहे, जी आज वाचताना खटकते. 1915च्या उन्हाळ्यात तो मनाने कोसळला. पुढे बर्लिनला न परतता फ्रँकफुर्टमध्ये बाटेनबेर्ग या मित्रकुटुंबाकडे, श्वाइत्सर रस्त्यावरच्या घरात राहिला.

रणांगणावरचे मृत कुणी तासाभरात उचलत नाही. गोळीबार थांबेपर्यंत, रात्र होईपर्यंत, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत ते पडून असतात आणि ज्या अवस्थेत पडले त्याच अवस्थेत हाती येतात. वर उचललेला हात स्ट्रेचरच्या कडेबाहेर येतो, गुडघा दुमडलेलाच राहतो. शवं हाताळणाऱ्याला हे पहिल्या दिवशीच कळतं. बेकमनने या चित्राबद्दल असं काही सांगून ठेवलंय, असा माझा दावा नाही. पण सैल, सुंदर वळणाचा मृतदेह काढणं अशा माणसाला किती अवघड गेलं असतं, एवढं समजायला त्याच्या साक्षीची गरज नाही.

इथे एक आडवळण घेतो, कारण हाच खांद्याचा प्रश्न सुतारांनी फार पूर्वी सोडवला होता. मध्ययुगीन जर्मनीत गुड फ्रायडेला क्रूसावरची मूर्ती प्रत्यक्ष खाली उतरवून कबरीत ठेवण्याचा विधी होता. पसरलेल्या हातांची मूर्ती अरुंद कबरीत मावत नाही, म्हणून खांद्यात फिरता सांधा बसवत आणि तो दिसू नये म्हणून वरून चामडं किंवा चर्मपत्र चिकटवून रंगवत. साक्सनीतल्या ड्योबेल्नला 1500च्या आसपासची अशी एक माणसाएवढी मूर्ती आजही आहे, खऱ्या केसांची. पोर्तुगिजांबरोबर हीच रीत गोव्यात आली. तिथल्या चर्चांमध्ये गुड फ्रायडेच्या संध्याकाळी शिड्या लागतात, खिळे निघतात, मूर्तीचे हात खांद्यातून खाली मिटवले जातात आणि देह शवपेटीत ठेवून मिरवणूक निघते. हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलंय त्यांना बेकमनचं चित्र समजावून सांगावं लागू नये. हात मिटण्याचा तो क्षण, जिथे क्रूस संपतो आणि अंत्यविधी सुरू होतो, तोच त्याने चित्रातून वगळला आहे.

मग हे सगळं त्याने कुणाकडून घेतलं? समकालीन फ्रेंच चित्रकारांकडून नाही, एवढं नक्की. 1917 मध्ये आपल्या मुद्राचित्रांच्या, म्हणजे पत्र्यासारख्या पृष्ठभागावरून छापलेल्या चित्रांच्या, प्रदर्शनासाठी लिहिताना त्याने आदराने जी नावं घेतली ती म्हणजे मेलेस्किर्शर, ग्र्युनेवाल्ड, ब्र्यूगल आणि व्हान गॉख. पहिला पंधराव्या शतकातला म्युनिकचा चित्रकार, आज तज्ज्ञांपलीकडे फारसा कुणाला माहीत नाही. ग्र्युनेवाल्ड मात्र सगळ्यांना ठाऊक: 1512 ते 1516च्या सुमारास ईझनहाइमच्या मठासाठी त्याने केलेलं क्रूसावरच्या येशूचं चित्र, जिथे येशूचं अंग फोडांनी भरलेलं आहे आणि बोटं काट्यांसारखी फाकली आहेत. तो मठ अर्गट या धान्यावरच्या बुरशीच्या विषबाधेने अंग सडणाऱ्या रोग्यांची सेवा करायचा. रोग्यांना आपलंच दुखणं त्या देहावर दिसत असे. तिथेही येशू आकाराने मोठा आणि पायाशी बसलेली त्याची शिष्या मग्दालीया मरीया बाहुलीएवढी. माणसांची मापं महत्त्वाप्रमाणे ठरवायची ही जुनी रीत बेकमनने जशीच्या तशी उचलली. ती चूक समजून ‘प्रमाण बिघडलंय’ म्हणणारे प्रेक्षक तेव्हाही होते, आताही आहेत.

तंत्राकडे येऊ. युद्धापूर्वीचा बेकमन जाड, ओला, घसटत जाणारा रंग लावायचा. 1917च्या चित्रांत रंग पातळ आणि कोरडा आहे, आकारांना टोकदार बाह्यरेषा आहे, आणि खोली जवळपास नाहीशी झाली आहे. माझ्या मते हा बदल ब्रशने घडवला नाही, सुईने घडवला. युद्धाच्या वर्षांत त्याचं बरंच काम ड्रायपॉइंट या मुद्राचित्राच्या प्रकारात झालं. यात आम्ल नसतं. तांब्याचा पत्रा आणि पोलादी सुई, एवढंच. सुई दाबून ओढली की धातू खरवडला जातो आणि नांगरलेल्या मातीसारखा रेषेच्या कडेला वर येतो. ही उभी राहिलेली कड शाई धरून ठेवते, म्हणून छाप्यात रेषेला मखमली, थोडी धुरकट किनार मिळते. अडचणी दोन. पहिली, छापयंत्राच्या दाबाखाली ती कड दर छाप्याला थोडी थोडी चेपते. पहिले काही छापे गडद, मग रेषा उघडी पडत जाते. मोठी आवृत्ती काढायची तर पत्र्यावर आधी विजेच्या साहाय्याने पोलादाचा पातळ थर चढवावा लागतो. दुसरी अडचण हाताची: तांबं सुईला अडवतं. लांब, गोलाईची रेषा ओढताना सुई अडखळते, घसरते. छोटी, सरळ, कोन करत जाणारी रेषा मात्र बिनतक्रार उमटते. वर्षानुवर्षं असं काम केलेला हात कॅनव्हाससमोर आला की कोपर, बरगड्या, बोटांची पेरं कोनांतच काढतो.

याच विषयाचा ड्रायपॉइंटही त्याने 1918 मध्ये केला. 1919 मध्ये ‘चेहरे’ अशा अर्थाच्या शीर्षकाने निघालेल्या 19 मुद्राचित्रांच्या संचात तो आहे. चित्र आणि छापा शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. आणि पडद्यावर पाहणार असाल तर एक सूचना: अनेक फोटोंत रंग आपोआप ‘सुधारले’ जातात आणि त्या देहावर गुलाबी झाक येते. अंगाला ऊब दिसली की समजावं, फोटो फसवतोय. मग एक साधा प्रयोग करा. बाकीची माणसं कागदाच्या पट्ट्यांनी झाका आणि फक्त येशूचा देह ठेवा: क्रूस आपोआप दिसू लागतो. रूबेन्सच्या चित्रावर हेच केलं तर झोपेत घसरणारा एक सुडौल माणूस उरतो.

चित्र फ्रँकफुर्टच्या श्टेडेल संग्रहालयात गेलं. संचालक गेओर्ग स्वार्झेन्स्की नव्या कलेचा जाणता होता. 1925 पासून बेकमन त्याच संस्थेच्या कलाशाळेत शिकवू लागला. 1933 मध्ये नाझी आले आणि त्याला काढून टाकण्यात आलं. 1937 मध्ये संग्रहालयांतून त्याची पाचशेहून अधिक कामं, बहुतांश मुद्राचित्रं, जप्त झाली. 19 जुलै 1937 रोजी म्युनिकच्या होफगार्टन परिसरातल्या अरुंद खोल्यांत ‘अवनत कले’चं, म्हणजे नाझींना नकोशा आधुनिक कलेची बदनामी करणारं, प्रदर्शन उघडलं. 32 संग्रहालयांतून उचललेली सुमारे 650 कामं होती, प्रवेश मोफत होता, अल्पवयीनांना बंदी होती. जिन्यातच लुडविग गीसचा लाकडी क्रूस प्रेक्षकाच्या अंगावर येईल असा टांगला होता आणि वरची पहिली खोली धार्मिक चित्रांची होती. बेकमनचं हे चित्र तिथेच लागलं, एमिल नोल्डेच्या नऊ फलकांच्या येशूचरित्राबरोबर. देवाची उद्धट टवाळी, असा भिंतीवर शेरा. काही चित्रांखाली खरेदीची किंमत लिहून ‘कष्टकरी जर्मन जनतेच्या करातून’ असं जोडलेलं असे. त्यातले आकडे महागाईच्या काळातले, जेव्हा पावासाठी लाखो मार्क मोजावे लागत होते, हे अर्थात लिहिलेलं नव्हतं.

नोल्डे स्वतः नाझी पक्षाचा सभासद होता, ज्यूद्वेष्टाही, आणि तरी त्याची हजारावर कामं जप्त झाली. त्याच्या पिवळ्या-लाल-हिरव्या भडक येशूशेजारी बेकमनचा रक्त ओसरलेला येशू टांगलेला असणार. दोघांचं आपसात काही जमण्यासारखं नव्हतं. आणि टवाळीच्या आरोपातली गंमत अशी, की जर्मन राष्ट्रवादी ज्या ग्र्युनेवाल्डला डोक्यावर घेत होते, त्याचंच व्याकरण बेकमन गिरवत होता. प्रदर्शन उघडलं त्याच दिवशी तो दुसरी पत्नी क्वाप्पी हिच्यासह अॅमस्टरडॅमला निघून गेला. जर्मनीत पुन्हा राहायला आला नाही.

जप्त मालातलं जे परकीय चलन मिळवून देईल ते विकायचं ठरलं. कुर्ट व्हालेंटीन हा बर्लिनमध्ये बुखहोल्त्स या कलाव्यापाऱ्याकडे काम केलेला ज्यू दलाल 1937 मध्ये न्यू यॉर्कला जाऊन तिथे दालन चालवत होता. हे चित्र त्याच्याकडे आलं, आणि 1917 मध्येच रंगवलेलं ‘येशू आणि व्यभिचारी स्त्री’ हेही, जे पूर्वी मानहाइमच्या कुन्स्टहाले या कलासंग्रहालयात होतं. 1954 मध्ये व्हालेंटीन वारला. मृत्युपत्राने पहिलं न्यू यॉर्कला गेलं, दुसरं सेंट लुईसच्या संग्रहालयाला. बेकमन 1947 ते 1949 या काळात सेंट लुईसमध्येच शिकवत होता, पण चित्र तिथे पोचलं तेव्हा तो नव्हता. डिसेंबर 1950 मध्ये न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळ चालताना तो कोसळून गेला.

ही दोन्ही चित्रं एकत्र असती तर बरं झालं असतं असं फार वाटतं. सेंट लुईसचं चित्र 149.2 बाय 126.7 सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटांचा फरक. त्यात दगड मारायला निघालेल्या जमावापुढे ती स्त्री डोळे मिटून गुडघ्यांवर आहे, आणि येशूच्या चेहऱ्यात बेकमनची स्वतःचीच ठेवण उतरली आहे. त्या येशूचा एक हात जमावाला मागे सारतो, दुसरा तिच्या दिशेने उघडा आहे. तिथे मनगट वळतं, कोपर दुमडतं, बोटं मनाप्रमाणे हलतात. दोन्हींचे फोटो एकाच मापात छापून शेजारी लावले, आणि नजर आधी सेंट लुईसच्या हातांवर नेऊन मग न्यू यॉर्कच्या हातांवर आणली, की 1917च्या त्या स्टुडिओत एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत काय चाललं होतं ते नीट कळतं.